पुसून निघालेलं पांढरं

माझी आई कारखान्यात काचसामान धुवायची आणि त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मजीव तपासायचे. पिंपरीच्या त्या औषध कारखान्यात ती माझ्या आधी अकरा वर्षं लागली होती, त्यामुळे खरं तर तिच्या जागेत मीच नवी होते. पहिल्या दिवशी तिनं मला दारातच गाठलं आणि सांगितलं की इथं ती मला कस्तुरा म्हणणार नाही, मॅडम म्हणणार. मीही तिला आई म्हणायचं नाही, बाकीचे म्हणतात तसं भिमाबाई म्हणायचं. तिनं मला मॅडम म्हटलेलं मी चालवून घेतलं. भिमाबाई मात्र माझ्या तोंडातून कधी निघालं नाही. हाकच न मारता बोलायची एक पद्धत मी हळूहळू शोधून काढली.

आमचं काम काचेच्या थाळ्यांवर चालायचं. बुटक्या, गोल, झाकणाच्या थाळ्या. आम्ही त्यांना प्लेटा म्हणायचो. त्यांत घट्ट खळीसारखा पोषक थर ओतायचा, त्यावर जंतू वाढवायचे, आणि आमच्या औषधानं ते किती मरतात ते मोजायचं. काम संपलं की प्लेटा आईकडे जायच्या. ती त्या वाफेच्या मोठ्या भांड्यात भरायची, जंतू मारून घ्यायची, मग खरडून, सोड्याच्या पाण्यात उकळून धुवायची, आणि शेवटी एकेक प्लेट खिडकीच्या उजेडाकडे धरून फिरवून बघायची. कारखान्यात तिच्या हाताखालून गेलेल्या काचेवर डाग राहिलाय असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

अक्षरओळख तिला तीन महिन्यांच्या प्रौढ वर्गापुरती होती. पण भांड्यात भरताना ती प्रत्येक प्लेट बघायची, आणि अकरा वर्षांत तिनं जंतूंना स्वतःची नावं दिली होती. एक पिवळी. एक हिरवी, जिला द्राक्षासारखा वास येतो. आणि एक दह्याची. ही दह्याची म्हणजे बुरशीच्या जातीतला एक जीव. बुरशी मारणारं जे औषध आमच्याकडे बनायचं, त्याचा जोर आम्ही या जिवावर तपासायचो. त्याच्या वसाहती पांढऱ्या, ओलसर, दह्याच्या कवडीसारख्या दिसतात आणि वास शिळ्या पावाचा येतो. दिवसाला तीस-चाळीस दह्याच्या प्लेटा ती धुवायची.

माझे वडील, साहेबराव, त्याच कारखान्यात होते. आम्ही भावंडं त्यांना आबा म्हणायचो. जिथं प्रचंड पोलादी टाक्यांमध्ये औषध देणारे जीव वाढवतात त्या विभागात ते कामगार होते. चौथी शिकलेले. दर अर्ध्या तासाला टाकीचं तापमान बघायचं, हवा किती जाते ते बघायचं, ठरलेल्या वेळी नमुना काढायचा. टाकीच्या नुसत्या आवाजावरून आत फेस चढलाय की नाही हे त्यांना कळायचं, असं त्यांचे साहेबच सांगायचे.

आमची वस्ती मोरवाडीच्या पलीकडे होती. बहुतेक घरं कारखान्यांतल्या कामगारांची, सगळी बौद्ध. सत्तर साली वस्तीनं वर्गणी काढून विहार बांधायला घेतला, तो तीन वर्षांत छपरापर्यंत आला. त्र्याहत्तरच्या बुद्धपौर्णिमेला तिथं पहिली सभा झाली, आणि त्या सभेत आबा उठले.

ते बाराव्या वर्षापासून तंबाखू खात होते. डाव्या तळहातावर तंबाखू, अंगठ्याच्या नखानं काढलेला चुना, मळून, थापटून, चिमटीनं उजव्या गालात खाली. झोप सोडली तर त्या गालाला फुगा असायचाच. त्या दिवशी त्यांनी कमरेची कापडी चंची आणि पितळी चुन्याची डबी मूर्तीपुढे ठेवली आणि सांगितलं की आजपासून हे सुटलं. भाषण त्यांना येत नव्हतं. एवढं एकच वाक्य बोलून ते खाली बसले. त्यांच्यामागून सत्तावीस जणांनी आपापल्या चंच्या आणून ठेवल्या. विहाराच्या समितीनं आबांची डबी तिथल्या काचेच्या कपाटात ठेवली, खाली कागदाची चिठ्ठी लावून. येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णासाहेब ती दाखवायचे. अण्णासाहेब म्हणजे नगरपालिकेच्या शाळेतले शिक्षक आणि समितीचे चिटणीस.

पुढच्या वर्षी, चौऱ्याहत्तरच्या विजयादशमीला, आणखी चाळीस जण तंबाखू सोडणार होते, आणि त्यांना प्रतिज्ञा आबा देणार असं ठरलं होतं. या गोष्टीचा आम्हाला किती अभिमान होता हे मी इथं लपवत नाही. आई विहिरीवरच्या बायकांना ते वाक्य म्हणून दाखवायची. मी प्रयोगशाळेत कोणाला सांगितलं नव्हतं, पण कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्या पावसाळ्यात आबांना दम्याचा त्रास सुरू झाला. जिना चढताना छाती वाजायची. त्यांच्या पाळीतल्या एकानं सांगितलं म्हणून ते बाजारातल्या एका पुडीवाल्या वैद्याकडे गेले. त्यानं पांढऱ्या भुकटीच्या पुड्या दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन दिवसांत छाती मोकळी झाली. भूक वाढली. दोन महिन्यांत आबांचा चेहरा भरला, गाल वर आले. आम्ही म्हणायचो, तंबाखू सोडली म्हणून अंग धरलं. वस्तीही तेच म्हणायची, आणि दोघांनी तर त्यांचा चेहरा बघूनच तंबाखू सोडायचं ठरवलं.

विजयादशमीला तीन आठवडे होते. विहारासमोरच्या चहाच्या टपरीवर आबा कशावरून तरी मोठ्यानं हसले, आणि समोर धोंडीबा बसला होता. धोंडीबा आमच्याच आळीतला, एका यंत्रांच्या कारखान्यात लेथवर काम करणारा, जिभेचा तिखट. आदल्या वर्षी त्यानं चंची ठेवायला साफ नकार दिला होता आणि कारणही सांगितलं होतं: खोटं बोलण्यापेक्षा तंबाखू बरी. त्यानं आबांच्या तोंडात बघितलं आणि कप खाली ठेवला.

"साहेबराव," तो म्हणाला, "गुपचूप खायची तर खा, पण चुना तरी पुसून येत जा राव."

सगळे हसले. आबाही हसले, थट्टा समजून. मग शेजारच्यानं वाकून बघितलं आणि हसायचं थांबला. आबांच्या जिभेवर आणि गालाच्या आत पांढरं होतं.

दोन दिवसांत ते वस्तीभर झालं. तोंडात पांढरं म्हणजे चुना, आणि चुना म्हणजे तंबाखू, याबद्दल आमच्यात कोणाला शंका येण्यासारखं नव्हतं. प्रत्येक घरात चुन्यानं गाल पोळलेला एक माणूस होता. आबांनी एकदा, टपरीवरच, सांगितलं की त्यांनी तंबाखूला हात लावलेला नाही. मग घरी येऊन आरशात बघितलं. पांढरं त्यांनाही दिसलं. त्यांनी आरसा खिळ्याला परत लावला आणि त्यानंतर ते तोंड उघडून हसले नाहीत.

मी काय केलं ते सांगायला हवं. मी त्यांच्यासमोर बसून रोज जेवत होते. त्यांनी भाकरीबरोबर ठेचा घेणं बंद केलं, तिखट झोंबतं म्हणाले. कशालाच चव नाही, तोंडात कापूस भरल्यासारखं वाटतं, असंही एकदा म्हणाले. ओठांचे कोपरे चिरले होते. हे सगळं मी ऐकलं आणि पाहिलं, आणि प्रत्येक गोष्ट चुन्याच्या खाती टाकली. चौथ्या दिवशी जेवणानंतर मी हळू आवाजात त्यांना म्हणाले की एखाद्या वेळी मोह झाला असेल तर सांगून टाकावं, लोक समजून घेतील.

आबांनी माझ्याकडे बघितलं.

"तू बी?" एवढंच म्हणाले, आणि ताट उचलून मोरीत ठेवायला गेले.

शनिवारी ते स्वतः अण्णासाहेबांकडे गेले आणि म्हणाले की प्रतिज्ञा दुसऱ्या कोणाकडून तरी द्या, आणि कपाटातली डबी काढा. संध्याकाळी अण्णासाहेब आमच्या घरी आले. ते न्यायानं वागणारे गृहस्थ होते. त्यांनी चहा घेतला आणि सांगितलं की समितीत कोणी आबांना खोटं म्हणालेलं नाही. त्यांनी फक्त एकदा सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं, विषय तिथं संपेल. चाळीस तरुण थांबलेत, त्यांचा विचार करावा.

"टपरीवर सांगितलं की," आबा म्हणाले. "अण्णासाहेब, माणसानं आपला शब्द किती बारी सांगायचा? पयल्यांदा पुरला न्हाई तर धाव्यांदा काय पुरणार?"

अण्णासाहेब उठले. आठ दिवसांनी समितीची बैठक आहे, तोवर डबी आहे तिथं राहील, असं सांगून ते गेले.

आई या सगळ्यात काही बोलली नव्हती. मला वाटलं, तीही शरमली आहे. नंतर कळलं की पहिल्याच दिवशी तिनं आबांच्या सदऱ्यांचे आणि विजारींचे खिसे उलटे करून, शिवणी नखानं उकलून बघितल्या होत्या. तीस वर्षं ती त्यांचे कपडे धूत होती. तंबाखू खाणाऱ्याच्या शिवणीत चुरा राहतोच, कितीही झटका. एका शिवणीतही काही निघालं नव्हतं. पण एवढ्यावर तिनं कोणाला काही सांगितलं नाही. प्रयोगशाळेत आम्ही याला अपुरा पुरावा म्हणतो.

रविवारी सकाळी तिनं चुलीवर पाणी ठेवलं आणि जुन्या मलमलीचा तुकडा त्यात उकळला. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, कारखान्यात धुते तसे. मग उंबऱ्याजवळ, जिथं सकाळचा उजेड थेट आत येतो, तिथं पाट मांडला आणि आबांना बसवलं.

"आ करा."

आबांनी तोंड फिरवलं.

"मी झडती घ्यायला न्हाई बसले," आई म्हणाली. "काच बघती तशी बघणार हाय. आ करा."

त्यांनी तोंड उघडलं. तिनं हनुवटीला दोन बोटं लावून त्यांचं डोकं उजेडाकडे वळवलं, डावीकडे, उजवीकडे, मग मागे. घाई केली नाही. मग तिनं त्यांचा उजवा गाल खालून बोटानं बाहेर ओढला आणि बराच वेळ तिथंच बघत राहिली.

"तीस वर्सं तुमची जागा ही," ती म्हणाली. "ह्या गालाचा फुगा बघत मी म्हातारी झाली. आन् हीच जागा सगळ्यात कोरी हाय."

आबा काही बोलू शकत नव्हते, तिचं बोट तोंडात होतं.

"वर टाळूला हाय. जिभंवर हाय. डाव्या गालात हाय. टाळूला तंबाखू कोण लावतं? माकड?"

मग तिनं पिळलेली मलमल बोटाला गुंडाळली आणि डाव्या गालातल्या पांढऱ्यावरून एकदाच, हलक्या हातानं फिरवली. आबांनी डोळे मिटले. पांढरं साय निघावी तसं कापडावर आलं. खाली लालभडक कातडी होती, आणि एका ठिकाणी रक्ताचा बारीक ठिपका.

ती कापड हातात धरून मागे वळली. मी चुलीपाशी उभी होते.

"मॅडम," ती म्हणाली, "इकडं या."

घरात तिनं मला त्या नावानं तोपर्यंत कधी हाक मारली नव्हती. मी गेले.

"चुन्यानं पोळलेलं पुसून असं निघत न्हाई. धोंडीबाचं पुसून बघा, निघतंय का. ही तर मी रोज धुती," ती म्हणाली. "ह्या दह्याच्या प्लेटा हायेत."

मी कंदिलाजवळची विजेरी आणली आणि माझ्या वडिलांच्या तोंडात पहिल्यांदा बघितलं. जिभेवर, डाव्या गालात आणि टाळूला पांढरे, किंचित उंचावलेले ठिपके. काही ठिकाणी ते एकमेकांत मिसळलेले. मधली कातडी लाल. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत चिरा. पुस्तकात याचं वर्णन मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तान्ह्या बाळांना होतं, हे आमच्या वस्तीतल्या कुठल्याही बाईला माहीत होतं. पण साडेपाच फुटी, रोज पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या तोंडात ते कोणी शोधलं नव्हतं, आणि शास्त्र शिकलेल्या मीही नाही. जे डोळ्यांनी बघितलं नाही ते वहीत लिहायचं नाही, असं मी नव्या मुलींना दर सोमवारी सांगायचे.

आबांनी तोंड मिटलं आणि आईला विचारलं की हे वाईट आहे का. आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले की हे बरं होतं, पण का झालं ते शोधायला हवं. त्यांची माफी मला त्या दिवशी मागता आली नाही. मी विजेरी विझवून जागेवर ठेवली.

सोमवारी आम्ही तिघं कामगारांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या वयस्क डॉक्टरांनी तोंड बघितलं, लाकडी पट्टीनं थोडं पांढरं खरवडून घेतलं आणि माझ्या विभागप्रमुखांच्या परवानगीनं ते मलाच तपासायला दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली मला कळ्या फुटणाऱ्या गोल पेशी दिसल्या, आणि त्यांच्यामधून जाणारे लांब धागे. एक अंश मी प्लेटवर पसरून उबेच्या कपाटात ठेवला. दुसरा रक्तद्रवात तीन तास ठेवला, तेव्हा पेशींना बारीक नळ्या फुटल्या. या जातीची ती खूण आहे. शंका राहिली नाही. ज्या जिवावर आमच्या औषधाचा जोर आम्ही वर्षानुवर्षं तपासत होतो, त्याचाच भाऊबंद माझ्या वडिलांच्या तोंडात राहायला आला होता.

डॉक्टरांचं समाधान तेवढ्यावर झालं नाही. हा जीव पुष्कळांच्या तोंडात मुकाट्यानं असतो, ते म्हणाले. शरीराची राखण ढिली पडल्याशिवाय तो असा माजत नाही. फार लहान, फार म्हातारे, दीर्घ आजारी, साखरेचे रुग्ण, यांच्यात दिसतो. चोर आत शिरला याचा अर्थ पहारेकरी झोपलाय. त्यांनी लघवीत साखर तपासली. नव्हती. मग ते आबांच्या चेहऱ्याकडे बघत बसले, बोटानं गाल दाबला, आणि विचारलं की हा चेहरा पहिल्यापासून असा गोल आहे का.

आई म्हणाली, तंबाखू सोडल्यापासून भरलाय.

डॉक्टरांनी विचारलं की दुसरं काही औषध चालू आहे का, आणि आबांनी खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली.

दम्यावर दोन दिवसांत जादू करणारी ही भुकटी काय असावी, हे डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं. शरीरातली सूज बसवणारं ते एक जबर औषध असतं. मापानं, देखरेखीखाली दिलं तर जीव वाचवतं, आणि मापाशिवाय महिनोन्महिने घेतलं तर चेहरा गोल करतं, भूक वाढवतं आणि रोगाशी लढणाऱ्या पहाऱ्याला झोपवतं. आम्ही ज्याला तब्येत म्हणत होतो, ती पुडी होती. आबांनी लगेच पुडी फेकायला हात पुढे केला. डॉक्टरांनी तो धरला. एकदम थांबवणं धोक्याचं आहे, म्हणाले. शरीराला सवय झालेली असते. त्यांनी पुडीऐवजी त्याच जातीच्या मोजलेल्या गोळ्या दिल्या, दर आठवड्याला थोड्या कमी करत आणायच्या, दम्यासाठी वेगळ्या, आणि तोंडासाठी पिवळ्या पातळ औषधाची बाटली: दिवसातून चार वेळा, जिभेवर धरून ठेवायचं, लगेच गिळायचं नाही.

बाटली आमच्याच कारखान्याची होती. आबांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि चिठ्ठीवरचा, औषध कोणत्या खेपेत बनलं तो क्रमांक वाचला. मग आईला दाखवला. त्या खेपेच्या वेळी टाकीवर तेच होते. तिसऱ्या दिवशी फेस चढला होता आणि त्यांनी वेळेवर फेस बसवायचं तेल सोडलं होतं, हे त्यांनी तिथं डॉक्टरांसमोर सविस्तर सांगितलं. इतक्या दिवसांनी ते पहिल्यांदाच लांब काही बोलत होते. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

बुधवारी सकाळी मी उबेचं कपाट उघडलं. आई बाजूला टोपली घेऊन उभी होती. प्लेटवर पांढऱ्या, ओलसर कवड्या उठल्या होत्या. तिनं वाकून एकदा बघितलं आणि टोपली घेऊन आपल्या कामाला गेली. पण जाताना तिची मान ताठ होती, आणि त्या दिवशी तिनं जरा जास्तच आवाज करत काच धुतली.

रविवारच्या बैठकीला आबा यायला तयार नव्हते. पुन्हा शब्द द्यायचा नाही, हे त्यांचं पक्कं होतं. मी म्हणाले, तुम्ही नुसते बसा. शब्द तुमचा नाही, माझा बाकी आहे.

विहारात शे-सव्वाशे माणसं होती. मला लोकांसमोर बोलायची सवय नव्हती आणि आजही नाही. मी उभी राहिले आणि क्रमानं सांगितलं. माझ्या वडिलांच्या तोंडात पांढरं होतं. ते चुना आहे असं सगळ्यांनी मानलं, मीही मानलं, आणि बघितलं मात्र कोणी नाही. माझ्या आईनं बघितलं. तंबाखूची जागा कोरी होती आणि पांढरं पुसून निघालं. तंबाखूचा जुना डाग पुसून निघत नाही. ती बुरशी आहे. ती मी वाढवून बघितली आहे. ती कशामुळे आली तेही कळलं आहे, आणि ज्यांच्या घरात त्या पुड्या चालू आहेत त्यांनी त्या आपल्या मनानं बंद न करता या आठवड्यात डॉक्टरांना दाखवाव्यात. शेवटी मी आबांकडे वळून म्हणाले की मी न बघता त्यांच्यावर संशय घेतला, ते माझ्या शिक्षणाला शोभणारं नव्हतं.

आबा जमिनीकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, एकदाच.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अण्णासाहेब उठले, कपाटापाशी गेले आणि डबीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. मग मागून धोंडीबा बोलला. त्याच्या सासूलाही त्याच पुड्या चालू होत्या, त्यामुळे तो आधीच गंभीर झाला होता. पण गप्प राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"वहिनी," तो आईला म्हणाला, "माझ्या तोंडातलं पुसून बघा एकदा. निघालं तर बुरशी, न्हाई तर धोंडीबा."

"तुझं सोड्यात उकळाय लागंल," आई म्हणाली.

आता मात्र सगळे हसले, आणि आबा तोंड उघडून हसले.

विजयादशमीला आबांचं तोंड स्वच्छ होतं. चेहरा अजून गोल होता, तो उतरायला दिवाळी उलटून गेली. त्यांनी प्रतिज्ञा दिली. वाक्य तेच, आदल्या वर्षीचं, फक्त या वेळी एकेचाळीस जण ते मागून म्हणत होते. एकेचाळिसावा धोंडीबा होता. चंची ठेवताना त्यानं आबांना बजावलं की आता याच्यानंतर कोणाच्या तोंडात पांढरं दिसलं तर आधी भिमाबाईंना बोलवा, मग टपरीवर सांगा. बैठकीनंतरच्या आठवड्यातच दवाखान्यात आमच्या वस्तीतले नऊ जण पुड्या घेऊन गेले. दोघांच्या तोंडात तेच पांढरं निघालं.

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत तो नमुना मी रीतसर चढवला होता. क्रमांक, तारीख, कुठून घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं, प्लेटवर काय वाढलं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: प्रथम निरीक्षण, भिमाबाई साहेबराव, काचसामान विभाग. महिनाअखेरीला विभागप्रमुख वही तपासायला बसले. त्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, ही भिमाबाई म्हणजे आपली प्लेटा धुणारी बाई ना?

"हो," मी म्हणाले. "माझी आई."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि खाली सही केली. काचेपलीकडे आई एक प्लेट खिडकीकडे धरून फिरवत होती. तिला ऐकू गेलं असावं, कारण तिनं ती प्लेट दोनदा फिरवली. मग तिनं दारातून डोकं आत घातलं आणि विचारलं की ती जुनी दह्याची प्लेट अजून किती दिवस ठेवायची, टोपली भरली आहे.

"ने आई," मी म्हणाले.

तिनं मला डोळ्यांनी दटावलं, प्लेट उचलली आणि धुवायला घेऊन गेली.